वर्गाबाहेरची खुर्ची आणि पहिलं पान

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांना एक गोड विषय आयता मिळाला. गणवेश उतरवून ठेवलेला सैनिक वह्या-पुस्तकं घेऊन कॉलेजात निघाला होता. 1944 च्या जूनमध्ये रूझवेल्टनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने परतलेल्या सैनिकाची फी, पुस्तकं आणि महिन्याचा भत्ता सरकारच्या अंगावर टाकला. सुमारे 22 लाख माणसं त्या वाटेने कॉलेजात गेली. 1947 साली तर कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. मग छायाचित्रं झळकू लागली. विद्यापीठाच्या आवारात उभ्या केलेल्या पत्र्याच्या बराकी, दोरीवर वाळणारी बाळाची दुपटी, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात अर्थशास्त्राचं पुस्तक धरलेला बाप. वाचक हरखून गेले, आणि हरखण्यासारखंच ते होतं. शेतकऱ्याचा, खाणकामगाराचा मुलगा पदवीधर होत होता, यात खोटं काही नव्हतं.

पण या चित्रांत एक माणूस फारसा दिसत नव्हता. त्याच युद्धात, त्याच झेंड्याखाली लढून आलेला काळा सैनिक. कायद्याच्या कागदावर कातडीचा रंग कुठेच नव्हता, पण कागद राबवणारे हात गावोगावचे होते. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांची दारं काळ्या सैनिकाला बंद होती, आणि काळ्यांसाठी म्हणून जी मोजकी कॉलेजं होती त्यांत जागा संपल्या होत्या. हजारो जण दारातून परत गेले. परत जाणाऱ्याचा फोटो कोण काढतो?

त्या काळच्या मोठ्या अमेरिकन दैनिकांची वाटणी ठरलेली असे. पहिल्या पानावर जग, म्हणजे बर्लिन, चीन, कोरिया, अणुबाँब, संयुक्त राष्ट्रं. कॅम्पस आतल्या पानांत, आणि तोही फुटबॉल, पदवीदान, नाचाची पार्टी, मुलांचे पोरकट उपद्व्याप एवढाच. एकीकडे गंभीर चेहऱ्याचे मुत्सद्दी, दुसरीकडे खिदळणारी पोरं. या दोन पानांच्या मधल्या भिंतीआड एका अख्ख्या समाजाने आपली लाज झाकून ठेवली. ही भिंत संपादकांनी एकट्याने बांधली असं मी म्हणणार नाही. वाचकाने रोज सकाळी चार पैसे मोजून ती बांधून घेतली. संपादक गवंडी होता, घर वाचकाचं होतं.

ओक्लाहोमा विद्यापीठाची हकीकत घ्या. 1946 च्या जानेवारीत एडा लॉइस सिप्युएल या तरुणीने तिथल्या कायदा महाविद्यालयात अर्ज केला. गुणांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, अर्ज फेटाळला तो कातडीवरून. तिचे वकील थर्गुड मार्शल खटला सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले आणि 1948 च्या जानेवारीत न्यायालयाने राज्याला बजावलं की हिला शिक्षण द्यावंच लागेल. राज्याने काय करावं? काही दिवसांत विधानभवनाच्या इमारतीतच काळ्यांसाठी म्हणून एक कायदा महाविद्यालय उघडलं. विद्यार्थिनी एक, आणि कॉलेज तिच्यापुरतं! तिने तिथे पाऊल ठेवायला नकार दिला.

त्याच वर्षी जॉर्ज मॅक्लॉरिन हा उतारवयाचा शिक्षक शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला तिथे आला. न्यायालयाच्या धाकाने विद्यापीठाने त्याला घेतलं, आणि घेताना एक व्यवस्था केली. वर्गाला लागून असलेल्या लहानशा खोलीत त्याचं बाक. दार उघडं, तिथून प्राध्यापक दिसावेत, ऐकू यावेत, पण तो वर्गात नसावा. ग्रंथालयात त्याचं टेबल वरच्या माळ्यावर. खाली सगळे बसतात त्या वाचनकक्षात त्याने बसायचं नाही. उपाहारगृहात त्याला नेमून दिलेलं टेबल, आणि जेवायची वेळही निराळी, म्हणजे कुणाच्या ताटाशी त्याच्या ताटाची गाठ पडायला नको. पुढे त्याला वर्गात घेतलं, तर काही काळ त्याच्या जागेभोवती कठडा होता आणि कठड्यावर पाटी होती: काळ्यांसाठी राखीव. हा सगळा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या 5 जून 1950 च्या निकालपत्रात आहे, मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

त्याचा एक फोटो आजही पाहायला मिळतो. पुढे सूट-टाय घातलेले गोरे विद्यार्थी ओळीने बसलेले, आणि बाजूच्या दारापलीकडे एकटा मॅक्लॉरिन, मान किंचित वळवून फळ्याकडे बघणारा. फोटो छापलाही गेला. म्हणजे लोकांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण ओक्लाहोमातल्या वाचकासाठी ती प्रवेशाच्या भानगडीची स्थानिक बातमी होती. तीच बातमी तारेने समुद्र ओलांडून गेली की परराष्ट्र व्यवहाराची होई. मॉस्कोच्या वृत्तपत्रांना तर असं काही हवंच असे, आणि त्यांच्या आनंदात न्यायाची चाड किती होती हे आपण समजून असावं. पण दिल्ली-मुंबईच्या दैनिकांतही अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या बातम्या येत, त्यांवर अग्रलेख पडत. चेस्टर बोल्स 1951 ते 1953 भारतात अमेरिकेचे राजदूत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की आशियात अमेरिकेबद्दल पहिला प्रश्न निघतो तो रंगाचा. वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांना घाम फुटला तो त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या दुःखाने नव्हे, परदेशातल्या मथळ्यांनी. 1952 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्याने सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवलं की शाळांतला वर्णभेद कम्युनिस्टांच्या प्रचाराला खाद्य पुरवतो. 17 मे 1954 ला शाळांतली विभागणी घटनाबाह्य ठरली, तेव्हा तासाभराच्या आत सरकारी आकाशवाणीने तो निकाल 34 भाषांत जगभर ऐकवला. घरच्या मुलाला घरात घ्यायची निकड शेजारी काय म्हणतील म्हणून वाटावी, यापरतं लाजिरवाणं काय?

आता जरा आपल्याकडे वळू. नाहीतर 'बघा कसे हे अमेरिकन' म्हणत मिशीला पीळ देणारे आपल्यात थोडे नाहीत. मॅक्लॉरिनची ती वेगळी खुर्ची मराठी माणसाला नवी वाटूच नये. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचं पोर घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळं बसे, संध्याकाळी ते गोणपाट घरी घेऊन जाई, आणि शाळेच्या शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. ओक्लाहोमाच्या विद्यापीठाने निदान खुर्ची दिली होती. आपली घटना 26 जानेवारी 1950 ला अमलात आली, सतराव्या कलमाने अस्पृश्यता गेली, आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत मॅक्लॉरिनचा निकाल लागला. कायद्याच्या कॅलेंडरात आपण पुढे होतो. गावच्या पाणवठ्यावर कुठे होतो, ते प्रत्येकाने आपापल्या गावाला विचारावं. अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यावर कळवळून लिहिणाऱ्या आपल्या संपादकांना महारवाड्यातल्या पोराची शाळा ही परदेशातल्या बातमीइतकी बातमी वाटत नव्हती. 1920 साली 'मूकनायक' निघालं ते याचसाठी, आणि पैसे देऊनही त्याची जाहिरात घ्यायला 'केसरी'ने नकार दिला होता.

दोन्ही घरांतली घाण एकाच नजरेत पाहणारा माणूस मात्र आपल्याकडे होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी आणि विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र घातलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठीही तसं करण्याचा विचार आहे, असा त्यातला आशय. ड्यूबॉइसनी त्याच वर्षी जुलैअखेर आपुलकीचं उत्तर धाडलं. जगाचं पान आणि घरचं पान एक करणारा हा एवढासा पत्रव्यवहार. दोन्ही देशांतल्या बड्या वृत्तपत्रांना तो कित्येक वर्षं ठाऊकही नव्हता.

अमेरिकेतही हे भान मोठ्या दैनिकांना नव्हतं. होतं ते काळ्यांच्या साप्ताहिकांना. 'पिट्सबर्ग कुरिअर' हे त्यांतलं एक. युद्ध चालू असतानाच, 1942 साली, त्याने दुहेरी विजयाची हाक दिली होती: बाहेर हिटलरवर आणि घरात वर्णद्वेषावर. या पत्रात विद्यापीठात प्रवेश नाकारलेल्या मुलीची बातमी आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बातमी एकाच कुळातली मानली जाई. कुमार घोषाल हे जन्माने भारतीय असलेले लेखक तिथे नियमाने सदर लिहीत. 1946 च्या डिसेंबरात विजयालक्ष्मी पंडितांनी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांत ठराव मंजूर करून घेतला. तो विजय काळ्या वाचकांना आपला वाटला, कारण विद्यापीठाच्या दारातला अपमान आणि डरबनच्या रस्त्यातला अपमान यांत त्यांना फरक दिसत नव्हता. या पत्रांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्यांच्याच पानांवर कातडी गोरी करायच्या मलमाच्या आणि केस सरळ करायच्या तेलाच्या जाहिराती असत, आणि त्यांवरच ती बरीचशी चालत. पण आपल्या वाचकाला जग कुठून सुरू होतं हे त्यांना कळलेलं होतं. ते त्याच्या दारापासून सुरू होतं.

रंगाच्या पाठोपाठ आलं लाल रंगाचं भूत. 1948 साली वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाच्या एका समितीने सिअॅटलच्या विद्यापीठात कम्युनिस्ट शोधायला सुरुवात केली. अध्यक्ष अल्बर्ट कॅनवेल. मेल्विन रेडर हे तिथे तत्त्वज्ञान शिकवत. न्यूयॉर्कहून आणलेल्या एका साक्षीदाराने शपथेवर सांगितलं की 1938 च्या उन्हाळ्यात हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुप्त कम्युनिस्ट शाळेत आला होता. रेडर म्हणाले, मी त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन सोडलंच नाही, बायकोमुलांसह डोंगरातल्या एका विश्रामधामात होतो. आता दहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपण कुठे होतो हे सिद्ध करायला तुम्हाला-मला सांगितलं तर? साक्षीदाराचं म्हणणं ठळक मथळ्यात येई, प्राध्यापकाचा इन्कार खाली. बहुतेक वृत्तपत्रांचा निवाडा एवढाच होता: आरोप ही बातमी, इन्कार ही पुरवणी. तटस्थपणाच्या नावाखाली शपथेवर बोललेलं खोटं जसंच्या तसं उतरवून द्यायचं, आणि वर म्हणायचं की आम्ही दोन्ही बाजू दिल्या.

'सिअॅटल टाइम्स'च्या एडविन गथमन नावाच्या वार्ताहराने हे नाकारलं. त्याने महिनोन् महिने साधी, कंटाळवाणी कामं केली. त्या विश्रामधामाची नोंद कुठे गेली ते हुडकलं आणि ती समितीच्याच तपासनिसांनी उचलून नेल्याचं बाहेर काढलं. रेडर यांचा चष्मा त्याच उन्हाळ्यात फुटला होता. चष्मेवाल्याकडचा कागद, ग्रंथालयातली नोंद, असे दुवे जुळवत त्याने माणूस त्या दिवसांत कुठे होता हे दाखवून दिलं. 1949 च्या ऑक्टोबरात बातमी छापून आली, विद्यापीठाच्या अध्यक्षांना रेडर निर्दोष असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि गथमनला 1950 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पारितोषिक योग्यच होतं. पण वार्ताहराने खरं-खोटं तपासून पाहिलं, याला देशाचं सर्वोच्च पारितोषिक द्यावं लागतं, तेव्हा बाकीचे काय करत होते ते वेगळं सांगायला नको. त्याच विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांना 1949 च्या जानेवारीत घरी बसवण्यात आलं होतं. त्यांच्यासाठी कुणी चष्मेवाल्याकडे गेलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने निष्ठेची शपथ काढली आणि 1950 च्या ऑगस्टमध्ये ती न घेणाऱ्या 31 जणांना काढून टाकलं.

1951 च्या मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 72 मोठ्या कॉलेजांची पाहणी छापली. विद्यार्थी बोलायला भितात, सहीला भितात, वादग्रस्त विषयापासून चार हात लांब राहतात, कपाळावर लाल शिक्का बसेल म्हणून, असं त्यात निघालं. चांगली बातमीदारी होती. पण ज्या वाचकांनी हे वाचलं, त्यांच्याच घरची होती ही भीती. नोकरी जाईल, शेजारी बोलतील, गप्प बस असं मुलाला सांगणारे बाप त्या पाहणीचे वाचकही होते. वाचून त्यांनी पान उलटलं.

उलटलेल्या पानावर काय होतं म्हणता? 1952 च्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठातली मुलं रात्री मुलींच्या वसतिगृहात घुसली आणि त्यांची अंतर्वस्त्रं पळवून पसार झाली. बघता बघता हे लोण देशभरच्या कॉलेजांत गेलं. वृत्तपत्रांनी ते वसंत ऋतूतला खोडसाळपणा म्हणून खुसखुशीत शैलीत रंगवलं. काही अग्रलेखांना राग आला, नाही असं नाही, पण कशाचा? कोरियात जवान मरताहेत आणि या पोरांना शिक्षणासाठी सैन्यभरतीतून सूट दिली आहे, याचा. म्हणजे हिशेब पुरुषाचा पुरुषाशी. दाराला कुलूप लावून, रात्रीची वेळ ठरवून ज्यांना कोंडून ठेवलं होतं आणि ज्यांच्या खोलीत टोळकं घुसलं, त्या मुलींना काय वाटलं हे विचारायचं फार थोड्यांना सुचलं. बातमीत मुली होत्या त्या खिडकीतून खिदळणाऱ्या. ज्या खिदळल्या नाहीत त्या छापायच्या राहिल्या.

आणि 1959. त्या वर्षीचा उपद्व्याप म्हणजे टेलिफोनच्या खोक्यात माणसं कोंबायची. कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजच्या 22 मुलांनी स्वतःला एका खोक्यात कोंबून घेतलं आणि 'लाइफ' साप्ताहिकाने तो फोटो छापला. कुणाचा पाय वर, कुणाचं तोंड काचेला दाबलेलं. ही टूम आली होती दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनहून, तिथे 25 जण मावले म्हणे. अमेरिकेतली मुलं तो विक्रम मोडायला झटत होती आणि वृत्तपत्रं आकडे मोजत होती. 25 हा आकडा डरबनहून जगभर पोचला. पण त्याच 1959 साली त्याच दक्षिण आफ्रिकेने एक कायदा केला. मंत्र्याच्या परवानगीशिवाय गोरा नसलेल्या विद्यार्थ्याने केप टाउन किंवा विटवॉटर्सरँडसारख्या विद्यापीठात नाव घालणं त्याने गुन्हा ठरवलं. प्रत्येक जमातीसाठी निराळं कॉलेज निघालं. हिंदी वंशाच्या मुलांची सोय केली ती डरबनच्याच बंदरातल्या सॅलिस्बरी बेटावर, नौदलाच्या जुन्या बराकींत. बेटावर! ओक्लाहोमात वर्गाबाहेर खुर्ची होती, इथे शहराबाहेर बेट. त्या कायद्याविरुद्ध विद्यार्थी आणि प्राध्यापक झगे घालून रस्त्यावर उतरले होते, बातमी परदेशात गेलीही. तरी त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल काय वाचलं असं अमेरिकेतल्या सामान्य वाचकाला विचारलं असतं, तर त्याने टेलिफोनचं खोकंच सांगितलं असतं. आपल्याकडे रविवारच्या पुरवणीत विक्रमांचं सदर चवीने वाचणाऱ्यांनी यावर फार हसू नये.

विद्यार्थ्यांची स्वतःची वृत्तपत्रं या बाबतीत कितीदा तरी मोठ्यांना लाजवून गेली. 1955-56 साली टेक्सास विद्यापीठाच्या 'डेली टेक्सन'चा संपादक विली मॉरिस हा पोरगा तेल-वायू कंपन्यांच्या हितसंबंधांवर आणि वर्णभेदावर लिहू लागला. विद्यापीठाच्या नियामकांनी लगाम घालायचा प्रयत्न केला, तर त्याने रिकाम्या जागा सोडून अंक काढला. 1962 च्या सप्टेंबरअखेर जेम्स मेरेडिथ हा काळा विद्यार्थी गोऱ्यांच्या मिसिसिपी विद्यापीठात दाखल व्हायला आला आणि आवारात दंगल उसळली, दोन माणसं मेली. त्यांतला एक पॉल गिहार, फ्रेंच वृत्तसंस्थेचा वार्ताहर, पाठीत गोळी लागून. मारेकरी अजून सापडलेला नाही. त्या रात्री विद्यार्थ्यांच्या 'मिसिसिपियन'ची संपादक सिड्ना ब्राउअर हिने दंगल थांबवा असं लिहिलं. पुढे तिथल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी निषेधाचा ठराव केला. दंगलखोरांचा नव्हे, तिचा.

याच काळात विद्यार्थी आणि परराष्ट्र धोरण यांची गाठ एका वेगळ्या ठिकाणी पक्की बांधली जात होती, आणि ती वृत्तपत्रांच्या नाकासमोर होती. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना 1947 साली स्थापन झाली. तिचे प्रतिनिधी आशिया, आफ्रिका, युरोपात परिषदांना विमानाने जात, ठराव मांडत. दैनिकं ते तरुणांचा उत्साह म्हणून छापत. विद्यार्थ्यांच्या खिशात विमानाचं भाडं कुठून येतं, हा प्रश्न कुठल्याही घरातल्या आईने पहिल्या दिवशी विचारला असता. कित्येक वर्षं तो दैनिकांना पडला नाही. 1967 साली 'रॅम्पार्ट्स' या कॅलिफोर्नियातल्या मासिकाने दाखवून दिलं की पैसा सीआयएचा होता. आपणही कोरडे राहिलो नाही. मुंबईतून 1955 साली निघू लागलेलं 'क्वेस्ट' हे नियतकालिक ज्या सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या जागतिक संघटनेच्या भारतीय शाखेचं होतं, त्या जागतिक संघटनेच्या तिजोरीचा मूळ झराही तोच निघाला. त्यात लिहिणारे विकले गेले होते असं मी म्हणणार नाही, कित्येकांना ठाऊकही नसेल. पण स्वातंत्र्यावर व्याख्यान देणाऱ्याने मांडवाचं भाडं कुणी भरलं हे विचारू नये, ही कसली विद्वत्ता?

1968 च्या फेब्रुवारीत सगळ्या पहिल्या पानांवर व्हिएतनाम होतं. जानेवारीअखेर सुरू झालेला तेत सणातला हल्ला, सायगावचा दूतावास, ह्यूमधली रस्त्यारस्त्यातली लढाई. त्याच दिवसांत दक्षिण कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग गावी काळ्या विद्यार्थ्यांचा झगडा चालू होता तो गावातल्या एका बोलिंगच्या खेळघरात शिरू देण्यावरून. 8 फेब्रुवारीच्या रात्री त्यांच्या कॉलेजच्या आवारात महामार्ग पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि शाळकरी मुलगा डिलॅनो मिडलटन मेले, पंचविसाहून अधिक जखमी झाले. बहुतेकांना गोळ्या पाठीत, कुशीत, काहींना तळपायात लागल्या, म्हणजे मुलं पळत होती किंवा पडली होती. वृत्तसंस्थेची पहिली तार गेली ती दोन्ही बाजूंनी गोळीबार झाल्याची. विद्यार्थ्यांनी गोळीबार केल्याचा पुरावा पुढे निघाला नाही. पण पहिली तार धावते, दुरुस्ती रांगते. गव्हर्नरांनी बाहेरून आलेल्या चिथावणीखोरांवर खापर फोडलं आणि बहुतेक दैनिकांनी ते तसंच उचललं. नऊ पोलिसांवर खटला झाला, नऊही सुटले. तुरुंगात गेला तो क्लीव्हलंड सेलर्स हा काळा कार्यकर्ता, जो स्वतः त्या रात्री गोळीने जखमी झाला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्याला माफी मिळायला 1993 उजाडलं.

4 मे 1970 ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने चार विद्यार्थ्यांना मारलं आणि देश हादरला. कंबोडियात सैन्य घुसवल्याच्या निषेधात मुलं जमली होती. जगाचं पान आणि कॅम्पसचं पान त्या दिवशी रक्ताने एकमेकांना चिकटलं. मेलेल्या चौघांतले दोघे तर निदर्शनात नव्हतेच, एक तास संपवून दुसऱ्या तासाला चालले होते. प्रेतापाशी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो जगभर छापला गेला, त्याला पुलित्झर मिळालं. अकराच दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर अठ्ठावीस सेकंद गोळ्यांचा वर्षाव केला. भिंतींवर चारशेहून जास्त खुणा मोजल्या गेल्या, दोन तरुण मेले. केंटच्या आक्रोशापुढे तो आवाज देशाला फारसा ऐकू गेला नाही.

इथवर मी वृत्तपत्रांना बरंच बोललो. पण केंटच्या वेळी त्यांनी सगळं दिलं होतं. फोटो, नावं, वेळ, अंतर, मेलेल्यांच्या आईबापांचे शब्द. काही लपवलेलं नव्हतं. मग 'न्यूजवीक'ने त्याच महिन्यात गॅलपकडून लोकांचं मत घेतलं: या मृत्यूंना जबाबदार कोण? 11 टक्के म्हणाले, गार्ड. 58 टक्के म्हणाले, विद्यार्थी.